परदेशात राहून पॅन कार्ड काढताना: अर्ज, कागदपत्रं आणि निवासी दर्जा

परदेशात राहणाऱ्या माणसाला पॅनची आठवण सहसा उशिरा होते. वडिलोपार्जित फ्लॅट विकायला काढला, एनआरओ खात्यातल्या (म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या कमाईसाठी असलेल्या खात्यातल्या) ठेवीच्या व्याजातून बँकेने जवळपास एक तृतीयांश रक्कम कापली, म्युच्युअल फंडाचं केवायसी अडकलं, की धावपळ सुरू होते. खरं तर अर्ज अवघड नाही. घोळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकच समजल्यामुळे. तुम्ही कोणत्या देशाचे नागरिक आहात, हा पहिला प्रश्न. त्यावरून अर्ज कोणता भरायचा ते ठरतं. आयकर कायद्याच्या हिशेबाने तुम्ही रहिवासी की अनिवासी, हा दुसरा. त्यावरून आधार जोडायचं की नाही, कर कोणत्या दराने कापला जाईल आणि तुमची फाइल कोणत्या अधिकाऱ्याकडे असेल हे ठरतं. पासपोर्ट भारतीय असून माणूस अनिवासी असू शकतो आणि पासपोर्ट अमेरिकेचा असून भारतात रहिवासी ठरू शकतो. हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

एक सूचना आधीच देतो. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आला, आणि त्याबरोबर कलमांचे व फॉर्मचे क्रमांक बदलले. बँका, सीए आणि जुनी कागदपत्रं यांच्यात जे क्रमांक रुळलेले आहेत, तेच इथे वापरले आहेत. पोर्टलवर वेगळा क्रमांक दिसला तर गोंधळू नका. अर्ज भारतीय नागरिकांसाठी आहे की परदेशी नागरिकांसाठी, एवढं शीर्षकात वाचून घ्या.

आधी बघा, पॅन आधीपासून आहे का

ही पायरी बरेच जण गाळतात आणि तीच महागात पडते. परदेशी जाण्यापूर्वी भारतात सहा महिने जरी नोकरी केली असेल, तरी कंपनीने पॅन मागितलेला असतो. काहींच्या आईवडिलांनी मुलगा अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा असतानाच त्याच्या नावाने पॅन काढलेला असतो. जुना फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), जुनं विवरणपत्र, विमा पॉलिसी, डीमॅट खात्याचं स्टेटमेंट, बँकेचं पासबुक यांपैकी कशावर तरी तो नंबर सापडतो. पॅनची मुदत संपत नाही. शहर, देश, आडनाव किंवा नागरिकत्व बदललं तरी नंबर आयुष्यभर तोच राहतो. एकाच माणसाकडे दोन पॅन असणं कायद्याला मान्य नाही आणि त्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून कार्ड हरवलं असेल तर नवा अर्ज करायचा नाही, जुन्याच नंबराचं कार्ड पुन्हा छापून घ्यायचं. मात्र असं छापलेलं कार्ड विभागाच्या नोंदीतल्या पत्त्यावरच जातं. नोंदीत दहा वर्षांपूर्वीचं भाड्याचं घर असेल, तर नुसत्या पुनर्मुद्रणाऐवजी माहितीत बदल करण्याचा अर्ज भरा. चुकून दोन नंबर झालेच असतील, तर बँकेत व गुंतवणुकीत जो जोडलेला आहे तो ठेवा आणि दुसरा त्याच बदल-अर्जातून परत करा.

नंबर सापडला की तो तपासायला त्याची रचना ठाऊक असलेली बरी. एकूण दहा खुणा असतात: पाच इंग्रजी अक्षरं, चार अंक आणि शेवटी पुन्हा एक अक्षर. चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं. व्यक्तीसाठी ते ‘पी’ असतं, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी ‘एच’, कंपनीसाठी ‘सी’. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नानंतर आडनाव बदललं तरी हे अक्षर माहेरच्या आडनावाचंच राहतं. त्यात काही चूक नाही, त्यासाठी नवा पॅन मागू नका.

तुम्हाला पॅन खरंच लागेल का

केवळ अनिवासी भारतीय आहात म्हणून पॅन सक्तीचा होत नाही. भारतात फक्त एनआरई खातं आहे, त्यात परदेशातली कमाई येते आणि दुसरं काही नाही, अशा माणसाचं त्या खात्यावरचं व्याज करमुक्त असतं. पॅन नसेल तर बँक फॉर्म ६० वर, म्हणजे पॅन नसल्याच्या घोषणापत्रावर, काम भागवते. पण भारतात भाडं, एनआरओ ठेवीचं व्याज, शेअर, म्युच्युअल फंड, जमीन किंवा घर यांपैकी काहीही येणार असेल, तर पॅन आधी काढून ठेवा. व्यवहार दाराशी आल्यावर दोन-तीन आठवडे थांबायला कुणीच तयार नसतं.

पॅन नसण्याची किंमत आकड्यांत बघू. एनआरओ खात्यावर वर्षाला १,००,००० रुपये व्याज झालं, तर अनिवासी खातेदाराच्या व्याजातून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१,२०० रुपये कापले जातात. अमेरिकेत राहणाऱ्याला दुहेरी कर टाळण्याच्या कराराने हा दर १५ टक्क्यांवर आणता येतो, संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्याला साडेबारा टक्क्यांवर. त्यासाठी बँकेला तिथल्या सरकारचं कर-निवास प्रमाणपत्र, फॉर्म १०एफ (कराराचा फायदा घेण्यासाठी स्वतःच्या माहितीचं घोषणापत्र) आणि पॅन द्यावा लागतो. वर्षाला सोळा ते एकोणीस हजारांचा फरक एका अर्जाने पडतो. वय कितीही असो, अनिवासी माणसाला फॉर्म १५जी किंवा १५एच भरून ही कपात थांबवता येत नाही. ‘बाबा भरतात तसा फॉर्म मीही भरतो’ असं करू नका.

घर विकताना हे आणखी जड जातं. विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याने कलम १९५ प्रमाणे कर कापायचा असतो, आणि व्यवहारात तो बऱ्याचदा नफ्यावर न कापता पूर्ण विक्रीच्या रकमेवर कापला जातो. तो कमी करून घेण्यासाठी कलम १९७ खालचं प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी फॉर्म १३ भरावा लागतो, आणि पॅनशिवाय तो अर्ज करता येत नाही. पॅनच नसेल तर कलम २०६एए प्रमाणे २० टक्के किंवा लागू दर, यांतला जो जास्त असेल तो लागतो.

अर्ज कोणता

पासपोर्ट भारतीय असेल तर फॉर्म ४९ए. तुम्ही वीस वर्षं दुबईत असाल, कॅनडाचा कायम निवास मिळाला असेल, अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल, तरीही हाच फॉर्म ४९ए. नागरिकत्व बदललं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते) असलं तरी फॉर्म ४९एए. ओसीआय म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. ओसीआयधारकाने ४९ए भरून परदेशी पासपोर्ट जोडला की अर्ज परत येतो आणि एखादा महिना वाया जातो.

भारतीय नागरिक असताना काढलेला पॅन असेल आणि नंतर परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर ४९एए भरायचा नाही. नंबर तोच ठेवायचा आणि बदल-अर्जातून नवं नागरिकत्व, नाव व पत्ता कळवायचा.

अर्ज घेणाऱ्या संस्था दोन आहेत: प्रोटीन ई-गव्ह टेक्नॉलॉजीज, जिचं जुनं नाव एनएसडीएल ई-गव्ह होतं, आणि यूटीआयआयटीएसएल. दोन्हीकडून मिळणारं कार्ड सारखंच. यांच्या संकेतस्थळांसारखी दिसणारी आणि हजारो रुपये ‘सेवाशुल्क’ मागणारी कितीतरी पानं सर्चमध्ये वर येतात. म्हणून आयकर विभागाच्या अधिकृत पोर्टलवरून या दोन संस्थांच्या दुव्यावर जा.

कागदपत्रं

४९ए साठी परदेशातल्या भारतीयाला सर्वांत सोपा कागद म्हणजे पासपोर्ट. ओळख, जन्मतारीख आणि बऱ्याचदा पत्ता, तिन्ही त्यातून सिद्ध होतात. फोटोचं पान आणि शेवटचं पत्त्याचं पान, दोन्हींच्या प्रती काढून त्यांवर स्वतः सही करा. अर्जात परदेशातला पत्ता देणार असाल तर त्या पत्त्याचा पुरावा वेगळा लागतो: राहत्या देशातल्या बँकेचं खाते-विवरण, किंवा भारतातल्या एनआरई खात्याचं विवरण ज्यावर परदेशातला पत्ता छापलेला आहे. एनआरई विवरणात गेल्या सहा महिन्यांतले, खातेदाराने स्वतः केलेले किमान दोन व्यवहार दिसायला हवेत. नुसतं व्याज जमा झालेलं चालत नाही. खातं निपचित पडलं असेल, तर विवरण काढण्याआधी थोडी रक्कम पाठवून आणि काढून घ्या.

४९एए साठी परदेशी पासपोर्ट, ओसीआय कार्ड किंवा त्या देशाचा नागरिक वा करदाता क्रमांक असलेला कागद चालतो. पासपोर्ट किंवा ओसीआयच्या प्रतीवर सही करून भागतं, पण दुसऱ्या देशाचा ओळख किंवा करदाता क्रमांकाचा कागद दिला तर तो साक्षांकित लागतो: त्या देशातलं अपोस्टिल (कागद खरा असल्याचं, दुसऱ्या देशांत चालणारं सरकारी प्रमाणपत्र), किंवा भारतीय दूतावास अथवा वाणिज्य दूतावासाचा शिक्का, किंवा भारतीय शेड्यूल्ड बँकेच्या परदेशी शाखेतल्या अधिकृत अधिकाऱ्याची ठरलेल्या नमुन्यातली सही. म्हणून शक्य असेल तिथे पासपोर्टच द्या, साक्षांकनाचा हेलपाटा वाचतो. स्थानिक नोटरीची सही म्हणजे अपोस्टिल नव्हे, अपोस्टिल त्यानंतरची पायरी आहे. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

फोटो दोन, अलीकडचे, रंगीत, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, साडेतीन बाय अडीच सेंटिमीटरचे. अमेरिकी पासपोर्टसाठी काढलेले पाच सेंटिमीटरचे चौकोनी फोटो चौकटीत मावत नाहीत, ते कापत बसण्यापेक्षा योग्य मापाचे नवे काढा. फोटो गोंदाने चिकटवायचे. स्टेपलची पिन किंवा टाचणी लावली की स्कॅनमध्ये चेहऱ्यावर खूण येते.

नाव कसं लिहायचं

मराठी नावांचा घोळ पॅनच्या अर्जात हमखास होतो, म्हणून इथे जरा थांबू. अर्जात आडनाव पहिलं, मग पहिलं नाव, मग मधलं नाव. आडनाव सक्तीचं आहे. पासपोर्टवर मात्र ‘दिलेलं नाव’ या एकाच रकान्यात ‘माधुरी सुरेश’ असं लिहिलेलं असतं आणि आडनावात ‘कुलकर्णी’. अर्ज भरताना ‘माधुरी’ पहिल्या नावात आणि ‘सुरेश’ मधल्या नावात टाका. दोन्ही पहिल्या नावात घातलं तर कार्डावर तसंच येतं, आणि पुढे बँकेच्या संगणकाला पॅनवरचं नाव आणि स्वतःकडचं नाव वेगळं वाटतं. पासपोर्टवर आडनाव कोरं असेल आणि एकच नाव असेल, तर ते आडनावाच्या रकान्यात लिहा आणि बाकीचे रकाने मोकळे ठेवा.

आद्याक्षरं चालत नाहीत. ‘एम. एस. कुलकर्णी’ असा अर्ज परत येतो. श्री, सौ, डॉक्टर, कॅप्टन असली बिरुदंही नावात नकोत.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांसाठी दोन गोष्टी. वडिलांच्या नावाच्या रकान्यात वडिलांचंच नाव येतं, नवऱ्याचं नाही. नवऱ्याचं नाव तुमच्या स्वतःच्या नावातलं मधलं नाव म्हणून येऊ शकतं, पण त्या रकान्यात नाही. एकट्या आईने वाढवलेल्या व्यक्तीला डिसेंबर २०१८ पासून वडिलांचं नाव न देता फक्त आईचं नाव देता येतं. दुसरं म्हणजे, सध्याच्या पासपोर्टवर जे नाव आहे तेच पॅनवर घ्या. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि पॅन सासरच्या नावाचा, अशी जोडी केली तर बँकेच्या, फंडाच्या, डीमॅटच्या प्रत्येक केवायसीत ती अडते. नाव बदलायचंच असेल तर आधी पासपोर्ट बदला, मग पॅन.

अर्ज भरण्याचा क्रम

ऑनलाइन अर्ज सुरू केला की नाव, जन्मतारीख, ईमेल आणि फोन भरल्यावर एक टोकन क्रमांक मिळतो. तो लगेच लिहून ठेवा. मध्येच इंटरनेट गेलं तर याच क्रमांकाने अर्धवट अर्ज पुन्हा उघडतो.

नंतर कागद कसे द्यायचे ते विचारतात. आधारवर आधारलेली पूर्ण कागदविरहित पद्धत आणि आधारची ई-सही वापरून स्कॅन चढवण्याची पद्धत, या दोन्हींना आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. तो भारतीय नंबर परदेशात चालू नसेल तर या वाटेला जाऊ नका. अर्ज ऑनलाइन भरून कागद टपालाने पाठवण्याची तिसरी पद्धत निवडा. थोडी वेळखाऊ, पण बहुतेक अनिवासींना हीच सोयीची.

आयकर पोर्टलवर आधारवरून तात्काळ ई-पॅन फुकट मिळतो. ज्यांच्याकडे आधार आहे, त्यावर पूर्ण जन्मतारीख आहे, मोबाइल जोडलेला आहे आणि आजवर पॅन काढलेला नाही अशा सज्ञान माणसासाठी ती सोय चांगली आहे. मात्र अनिवासी माणसाने असा पॅन काढला तर लगेच पोर्टलवर आपला निवासी दर्जा तपासून अनिवासी करून घ्यावा. अनिवासींना पॅनसाठी आधार सक्तीचं नाही, त्यामुळे केवळ पॅनसाठी आधार काढायला भारतात येण्याची गरज नाही.

पत्त्याचा निर्णय विचार करून घ्या. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर बहुधा आईवडिलांचं घर असतं. तोच पत्ता दिला तर पुरावा हातातच आहे आणि कार्ड घरी येतं. पण मग अर्जात निवडायचा अधिकारी त्या गावातला, रहिवाशांच्या फाइली बघणारा ठरतो आणि विभाग तुम्हाला रहिवासी समजून चालतो. पुढे फाइल हलवण्याचं काम वाढतं. त्यापेक्षा परदेशातला पत्ता द्या, देशाचं नाव आणि पिनकोडच्या जागी तिथला पोस्टल कोड भरा, आणि कार्डाऐवजी फक्त ई-पॅन मागवा. परदेशात कार्ड मागवायचंच असेल तर आधी त्या देशाचं नाव संस्थेच्या यादीत आहे का बघा, कार्ड सगळ्या देशांत पाठवलं जात नाही.

कागद टपालाने पाठवून अर्ज केल्यास नेहमीचं शुल्क असं असतं: भारतातल्या पत्त्यावर कार्ड १०७ रुपये, परदेशातल्या पत्त्यावर १,०१७ रुपये, फक्त ई-पॅन ७२ रुपये. पैसे भरताना पानावर दिसेल ती रक्कम अंतिम. ई-पॅन ही डिजिटल सही असलेली पीडीएफ असते, ती छापील कार्डाइतकीच वैध आहे, आणि उघडायला जन्मतारखेचे आठ अंक टाकायचे: दिवस, महिना, वर्ष या क्रमाने. अमेरिकेत महिना आधी लिहायची सवय लागलेली माणसं इथे अडकतात.

अधिकारी निवडताना क्षेत्र कोड, प्रकार, रेंज आणि अधिकारी क्रमांक असे चार भाग भरावे लागतात. संकेतस्थळावर अनिवासी व परदेशी नागरिकांसाठी वेगळी यादी असते. तिथून आंतरराष्ट्रीय करआकारणी विभागाचा अधिकारी निवडला की चारही भाग आपोआप भरतात. हा कोड अंदाजाने टाकू नका.

उत्पन्नाच्या स्रोतात भारतातलं उत्पन्न लिहायचं असतं: घरभाडं, भांडवली नफा, इतर स्रोत. परदेशातला पगार तिथे ‘पगार’ म्हणून टाकू नका. ‘प्रतिनिधी करदाता’ हा रकाना बहुतेकांनी रिकामाच ठेवायचा. भारतात आपली कामं बघणाऱ्या वडिलांचं किंवा भावाचं नाव तिथे हौसेने लिहिलं जातं, पण तो रकाना मुख्यतः अज्ञान मुलाच्या पालकासारख्या, कायद्याने दुसऱ्याच्या वतीने जबाबदार असणाऱ्या माणसासाठी आहे. फोनला देशाचा कोड द्या आणि ईमेल असा द्या जो पाच वर्षांनीही तुमच्याकडे असेल. नोकरीचा ईमेल नको.

पैसे भरले की १५ अंकी पोचक्रमांक असलेली पावती मिळते. ती छापा, दोन्ही फोटो चिकटवा. डावीकडच्या फोटोवर सही अशी करायची की ती अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर येईल. उजवीकडचा फोटो कोरा ठेवायचा, त्यावर सहीचा ठिपकाही नको, कारण तोच कार्डावर छापला जातो. त्याखालच्या चौकटीतली सही रेषेला न टेकता, काळ्या शाईने करायची. हीच सही कार्डावर येते, म्हणून पासपोर्टवर आहे तशीच करा. मग पावती आणि कागद पाकिटात घालून वर इंग्रजीत ‘ॲप्लिकेशन फॉर पॅन - एन’ आणि त्यापुढे पोचक्रमांक लिहा, आणि पावतीवर दिलेल्या पत्त्यावर पाठवा. प्रोटीनचं हे कार्यालय पुण्यात आहे. पावतीच्या तारखेपासून १५ दिवसांत पाकीट तिथे पोहोचायला हवं. साध्या टपालाने अमेरिकेहून किंवा ऑस्ट्रेलियाहून ते जमत नाही, कुरिअर करा. किंवा अर्ज ऑनलाइन भरण्याआधी सगळे कागद तयार ठेवा, म्हणजे पावती छापली त्याच दिवशी पाकीट निघेल.

पाकीट पोहोचल्यावर पोचक्रमांकाने अर्जाची स्थिती बघता येते. सही जुळत नाही, पत्त्याचा पुरावा अपुरा आहे, असा काही आक्षेप असेल तर ईमेल येतो. तो स्पॅममध्ये जाऊन पडला आणि उत्तर गेलं नाही, तर अर्ज तसाच लटकतो. म्हणून दोन आठवडे स्पॅमही बघत राहा.

पॅन आला, आता दर्जा कळवा

बरेच जण नंबर मिळाला की थांबतात. खरी काळजी इथून पुढे घ्यायची आहे, विशेषतः ज्यांचा पॅन जुना, भारतात असतानाचा आहे त्यांनी.

१ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. आयकर कायद्याप्रमाणे अनिवासी असलेल्यांना आणि परदेशी नागरिकांना ही जोडणी माफ आहे. तरीही अनेक अनिवासींचे पॅन त्या दिवशी निष्क्रिय झाले, कारण विभागाच्या नोंदीत ते अजून रहिवासीच होते. विभागाने तेव्हा खुलासा केला की ज्यांनी मागच्या तीन करनिर्धारण वर्षांपैकी एकात तरी अनिवासी म्हणून विवरणपत्र भरलं होतं किंवा अधिकाऱ्याला दर्जा कळवला होता, त्यांची नोंद बदलली आहे. बाकीच्यांनी स्वतः कळवायचं.

निष्क्रिय म्हणजे रद्द नव्हे. विवरणपत्र भरता येतं, पण परतावा आणि त्यावरचं व्याज मिळत नाही आणि कर चढ्या दराने कापला जातो. दुरुस्तीचा मार्ग असा. पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमध्ये निवासी दर्जा अनिवासी करा. ‘आपला करनिर्धारण अधिकारी ओळखा’ या सोयीतून अधिकाऱ्याचा ईमेल मिळवा. त्याला पॅनची प्रत, पासपोर्टची फोटो व पत्त्याची पानं आणि भारतात येण्या-जाण्याचे शिक्के असलेली सगळी पानं पाठवा, सोबत आर्थिक वर्षानुसार भारतातल्या दिवसांचा छोटा तक्ता द्या. फाइल अजून गावातल्या अधिकाऱ्याकडे असेल, तर ती आंतरराष्ट्रीय करआकारणी विभागाकडे वर्ग करण्याची विनंती त्याच पत्रात करा. अशा वेळी हजार रुपये भरून घाईने आधार जोडण्याचा सल्ला काही जण देतात. अनिवासी माणसाला त्याची गरज नाही.

दिवसांचा हिशेब आर्थिक वर्षावर, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च असा. भेटीला आलेला भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाचा माणूस १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर साधारणपणे अनिवासीच असतो. परदेशी स्रोतांचं उत्पन्न सोडून बाकीचं उत्पन्न १५ लाखांवर गेलं, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते, अर्थात मागच्या चार वर्षांत एकूण ३६५ दिवस भारतात काढले असतील तर. आखातात आयकर नाही म्हणून निर्धास्त असणाऱ्या भारतीय नागरिकांनी एक तरतूद वाचून ठेवावी: असं १५ लाखांवरचं उत्पन्न असेल आणि कोणत्याही देशात कर लागू होत नसेल, तर एकही दिवस भारतात न राहता माणूस रहिवासी मानला जाऊ शकतो. त्याला ‘सामान्यतः रहिवासी नसलेला’ असा मधला दर्जा मिळतो. असा प्रसंग असेल तर सीएचा सल्ला घेतल्याशिवाय दर्जा लिहू नका.

बँकेने खातं एनआरओ केलं म्हणजे आयकर विभागालाही कळलं, असं होत नाही. दोन्हीकडे वेगळं कळवावं लागतं. पॅन बँक, म्युच्युअल फंड आणि डीमॅट तिन्हीकडे द्या, आणि काही महिन्यांनी पोर्टलवर फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून कापलेला कर तुमच्या नंबरावर जमा दिसतो का ते बघा. तो तिथे दिसला नाही तर परतावा मागताना अडचण येते, आणि बँकेकडून दुरुस्ती करून घेणं त्याच वर्षात सोपं असतं.

मुलांच्या नावाने भारतात गुंतवणूक करत असाल तर अज्ञान मुलाचाही पॅन निघतो. त्यावर फोटो आणि सही नसते, अर्जावर पालक सही करतो. मूल १८ वर्षांचं झालं की त्याच नंबरावर फोटो व सही चढवून घ्यायची.

शेवटी फसवणुकीबद्दल. पॅनची यंत्रणा नव्याने उभारण्याच्या ‘पॅन २.०’ या प्रकल्पाला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यानंतर ‘तुमचा जुना पॅन बाद होणार, इथे क्लिक करा’ असे ईमेल फिरू लागले. जुनी कार्डं वैधच आहेत, क्यूआर कोड नसलेलीही, आणि ती बदलून घेण्याची सक्ती नाही. अशा ईमेलमधला दुवा उघडू नका, आणि पॅन, पासपोर्ट व जन्मतारीख एकत्र असलेली फाइल व्हॉट्सॲपवर एजंटला पाठवू नका.